प्रश्न वाचकांचे : ताऱ्यांच्या गर्दीतील तबकड्या

तरुण ताऱ्यांभोवती वायू आणि धूळ यांच्या ज्या तबकड्या फिरत असतात आणि ज्यांच्यातून पुढे ग्रह तयार होतात, त्यांच्याविषयी गेल्या अंकात आलेल्या लेखावर बरीच पत्रे आली. त्या लेखाचा भर वृषभेतील एच. एल. टॉरीसारख्या एकाकी ताऱ्यांवर होता. पत्रांतील कुतूहल मात्र बहुतांशी मृगातील तेजोमेघाकडे, म्हणजे हजारो तारे दाटीवाटीने जन्मलेल्या जागेकडे वळलेले दिसले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे सहा इंची परावर्ती दुर्बीण आहे आणि मृगातील तेजोमेघ मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. त्याच्या मध्यभागी असलेला चार ताऱ्यांचा ट्रॅपिझियम मला स्वच्छ दिसतो. तेथे दीडशेहून अधिक तबकड्या सापडल्या आहेत असे आपण म्हणता; मग त्यांतील एकही मला का दिसू नये? त्यासाठी किती मोठी दुर्बीण लागेल?

उत्तर : दोष आपल्या दुर्बिणीचा नाही, तो अंतराचा आणि हवेचा आहे. हा तेजोमेघ आपल्यापासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षे, म्हणजे ४०० पारसेकांच्या आसपास दूर आहे. पारसेकची व्याख्याच अशी आहे की, पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील अंतर, म्हणजे एक खगोलीय एकक, एका पारसेकवरून पाहिल्यास एक विकला, म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग, एवढा कोन करते. त्यामुळे हा हिशेब तोंडी होतो. १०० खगोलीय एकके रुंदीची तबकडी ४०० पारसेकांवरून पाव विकला भरते. जमिनीवरून पाहताना हवेच्या थरथरीमुळे ताऱ्याची प्रतिमा चांगल्या रात्रीही साधारण एक विकला पसरते, आणि आरसा कितीही मोठा घेतला तरी हा पसारा आपोआप कमी होत नाही. म्हणून प्रश्न केवळ दुर्बिणीच्या आकाराचा राहत नाही. हवेच्या वर जाणे किंवा हवेची थरथर क्षणोक्षणी मोजून आरशाचा आकार त्याप्रमाणे बदलत राहणे, असे दोनच मार्ग उरतात.

तरीही जमिनीवरून कोणाला काहीच दिसले नव्हते असे नाही. १९७९ साली फ्रान्समधील पिक द्यू मिदी वेधशाळेतून लाक आणि विदाल या दोघांनी ट्रॅपिझियमच्या अगदी जवळ सहा ठिपके नोंदवले होते. ते ताऱ्यांसारखे दिसत, पण त्यांचा प्रकाश तप्त, आयनीभूत (म्हणजे अणूंतून इलेक्ट्रॉन सुटलेल्या) वायूचा होता. हे ठिपके म्हणजे नेमके काय, हे त्या वेळी ठरवता आले नाही. १९८७ मध्ये रेडिओ निरीक्षणांवरून एड चर्चवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सुचवले की, तरुण ताऱ्यांभोवतीच्या तबकड्यांमधून वायू उडून जात असावा. खात्री पटली ती हबल दुर्बिणीमुळे. रॉबर्ट ओडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जी निरीक्षणे प्रसिद्ध केली, ती हबलच्या सदोष आरशाची दुरुस्ती होण्यापूर्वीच घेतलेली होती, ही गोष्ट आज सहसा कोणी आठवत नाही.

आपल्याला दिसणाऱ्या चौकोनातील सर्वांत तेजस्वी तारा मात्र नीट पाहून ठेवावा. त्याचे नाव थीटा-१ ओरायनिस सी. सूर्याच्या सुमारे तीस पट वस्तुमानाचा हा तारा पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात येणार आहे.

प्रश्न : हबलच्या छायाचित्रांत या वस्तू अश्रूच्या थेंबासारख्या किंवा शेपूट असलेल्या दिसतात. तबकडी तर चपटी असायला हवी. हे थेंब म्हणजेच तबकड्या का?

उत्तर : नाही, आणि हा गोंधळ वर्तमानपत्री बातम्यांत नेहमी होतो. या थेंबांना ओडेल यांनी 'प्रॉपलिड' असे सुटसुटीत नाव दिले. थेंबाचा जो भाग चमकतो तो तबकडीचा नसून तिच्यातून सुटलेल्या वायूचा आहे, आणि त्याचा आकार तबकडीपेक्षा बराच मोठा असतो.

घडते ते असे. थीटा-१ सी या ताऱ्याच्या अतिनील प्रकाशाचे दोन भाग करता येतात. त्यातील कमी ऊर्जेचा भाग हायड्रोजनचे आयन करू शकत नाही, पण तो खोलवर शिरतो, तबकडीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतो आणि तेथील वायू हजार अंशांच्या घरात तापवतो. हा वायू सेकंदाला काही किलोमीटर वेगाने बाहेर वाहू लागतो. काही अंतर गेल्यावर त्याची गाठ अधिक ऊर्जेच्या अतिनील प्रकाशाशी पडते. तेथे त्याचे आयन होतात, तापमान सुमारे दहा हजार अंशांवर जाते आणि तो चमकू लागतो. थेंबाचे तेजस्वी डोके म्हणजे ही सीमा. म्हणूनच ते बहुतेक वेळा थीटा-१ सीकडे तोंड करून असते आणि शेपूट विरुद्ध दिशेला जाते. छायाचित्र समोर ठेवून अशा दहाबारा थेंबांच्या अक्षांवर पट्टी ठेवून रेघा काढल्या, तर त्या एकाच ताऱ्यापाशी येऊन मिळतात. हे घरी करून पाहण्याजोगे आहे.

खरी तबकडी पाहण्याची संधी मिळते ती वेगळ्या ठिकाणी. काही तबकड्या तेजोमेघाच्या उजेडासमोर योगायोगाने अशा उभ्या आहेत की, त्या काळ्या छायेसारख्या दिसतात. मार्क मॅककॉग्रिअन आणि ओडेल यांनी १९९६ मध्ये अशा सहा छायाकृतींचे वर्णन केले. त्यांतील ११४-४२६ ही सर्वांत मोठी असून तिची रुंदी हजार खगोलीय एककांच्या आसपास भरते, आणि ती आपल्याकडे जवळजवळ कड करून असल्यामुळे मधला तारा थेट दिसतच नाही. जाता जाता सांगायचे म्हणजे हे आकडे वाटतात तसे अनुक्रमांक नाहीत, तो पत्ता आहे. पृथ्वीवरील रेखांश-अक्षांशांसारखे आकाशात विषुवांश आणि क्रांती असतात : विषुवांशातील ११.४ सेकंद आणि क्रांतीतील ४ कला २६ विकला एवढाच शेवटचा भाग त्यात ठेवलेला असतो, कारण आधीचे आकडे त्या परिसरातील सगळ्यांना जवळपास सारखेच असतात.

प्रश्न : एच. एल. टॉरीच्या वलयांचे चित्र इतके स्पष्ट आहे. जवळ आणि मोकळ्या जागी इतके चांगले तारे असताना दूरच्या, गजबजलेल्या आणि चकाकणाऱ्या जागी निरीक्षणे घेण्यात वेळ आणि पैसा का घालवावा?

उत्तर : प्रश्न रास्त आहे. चिलीतील आल्मा या दुर्बीणसमूहाने एच. एल. टॉरीचे ते चित्र २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. तो तारा सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर, म्हणजे मृगातील तेजोमेघाच्या एकतृतीयांश अंतरावर आहे. तबकड्यांविषयीचे आपले बहुतेक बारीक ज्ञान वृषभ, वृक अशा जवळच्या, विरळ प्रदेशांतून आलेले आहे. अडचण अशी की, त्या प्रदेशांत थीटा-१ सीसारखा एकही प्रचंड तारा नाही, आणि आकाशगंगेतील ताऱ्यांपैकी मोठा हिस्सा मात्र असे प्रचंड तारे असलेल्या समूहांत जन्माला येतो. शांत खेड्यातल्या माणसांची प्रकृती तपासून महानगराच्या आरोग्याविषयी बोलावे, तसे आपले आतापर्यंत झाले आहे. ग्रहांच्या निर्मितीचा सामान्य मार्ग कोणता हे ठरवायचे, तर सामान्य ठिकाणी जाऊन पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

मृगातील समूह हा तसल्या ठिकाणांतला सर्वांत जवळचा मोठा समूह आहे, म्हणून सगळे त्याच्याकडे धाव घेतात. त्याच्या गाभ्यात एका घन पारसेकात दहा हजारांहून अधिक तारे आहेत. सूर्याच्या आसपास तेवढ्याच जागेत एक तारा मिळणेही कठीण.

प्रश्न : मी भौतिकशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. मिलीमीटर लहरींवर धुळीचे वस्तुमान मोजता येते हे मी वाचले आहे. गर्दीच्या समूहात ही मोजणी करताना नेमक्या कोणत्या अडचणी येतात?

उत्तर : या उत्तराला थोडी जागा द्यावी लागेल, कारण या विषयाचा खरा कस येथेच लागतो. विरळ प्रदेशात तबकडीकडे दुर्बीण वळवली की, येणारा संकेत बव्हंशी तबकडीचा असतो. गर्दीत तसे नाही. तेथे आलेल्या संकेतातून काय काय वजा करायचे, हेच निरीक्षकाचे मुख्य काम होऊन बसते.

पहिली वजाबाकी आयनीभूत वायूची. प्रॉपलिडच्या चमकत्या डोक्यातील मुक्त इलेक्ट्रॉन प्रोटॉनांजवळून जाताना वळतात आणि रेडिओपासून मिलीमीटरपर्यंतच्या लहरी बाहेर टाकतात. याला मुक्त-मुक्त उत्सर्जन म्हणतात. वायू पारदर्शक असेल तर या उत्सर्जनाची तीव्रता वारंवारतेनुसार फारशी बदलत नाही. धुळीचे उत्सर्जन मात्र वारंवारतेबरोबर झपाट्याने वाढते. साधारणतः वारंवारतेच्या वर्गापेक्षाही अधिक वेगाने. म्हणून तीच वस्तू सेंटिमीटर लहरींवर, जेथे धूळ जवळजवळ गप्प असते तेथे, आधी मोजावी लागते. तो आकडा मिलीमीटरपर्यंत ओढून न्यायचा आणि आल्माच्या मोजमापातून वजा करायचा. तीन मिलीमीटरला ही वजाबाकी मोठी असते, ०.८५ मिलीमीटरला धुळीचे पारडे जड होते. त्यामुळे लहान तरंगलांबी निवडणे केवळ स्पष्टतेसाठी नसते, वजाबाकीतील चूक आवरण्यासाठीही असते. येथे आणखी एक खोच आहे. तरुण ताऱ्यांच्या चुंबकीय क्षेत्रांत स्फोट होतात आणि ते रेडिओ लहरींवरही झळकतात. जानेवारी २००३ मध्ये या तेजोमेघातील एक तारा मिलीमीटर लहरींवर अचानक इतका उजळला की, काही काळ तो तेथील सर्वांत तेजस्वी बिंदू ठरला. सेंटिमीटरचे मोजमाप एका वर्षी आणि मिलीमीटरचे दुसऱ्या वर्षी घेतलेले असेल, तर अशा ताऱ्याच्या बाबतीत वजाबाकीचा अर्थच हरवतो.

दुसरी वजाबाकी पार्श्वभूमीची. तेजोमेघाच्या मागे दाट रेणवीय मेघ आहे आणि तोही धुळीचाच आहे. आल्मा म्हणजे ५,००० मीटर उंचीच्या पठारावर ठेवलेल्या ६६ अँटेना. त्यांना जोडीजोडीने एकत्र आणून प्रतिमा घडवली जाते. अँटेना एकमेकींपासून जितक्या दूर, तितका बारीक तपशील दिसतो, आणि दूरदूरच्या जोड्यांना विस्तृत, सपाट उजेड जाणवतच नाही. एरवी हा दोष मानला जातो, येथे तो उपकारक ठरतो, कारण मेघाचा पसरलेला उजेड आपोआप गाळला जातो. परंतु मेघ सपाट नसतो. त्यातील गाठी आणि धागे अर्धवट गाळले जातात आणि प्रतिमेत खोट्या लाटा सोडून जातात, ज्यांत अंधूक तबकडी सहज हरवते.

तिसरी गोष्ट वजाबाकीची नसून मोजदादीची आहे. 'अमुक समूहातील अमुक टक्के ताऱ्यांना तबकड्या आहेत' असे वाक्य लिहायचे, तर भागाकारात खाली कोणते तारे धरायचे? अवरक्त उजेड जास्त असलेले तारे निवडले तर आपण आधीच तबकडीवाले तारे निवडलेले असतात, कारण तापलेली धूळच तो जास्तीचा उजेड देते. येथे क्ष-किरण उपयोगी पडतात. तरुण तारे क्ष-किरणांत वयस्क ताऱ्यांपेक्षा कितीतरी तेजस्वी असतात, मग त्यांना तबकडी असो वा नसो. चंद्रा दुर्बिणीने जानेवारी २००३ मध्येच या समूहाकडे जवळजवळ दहा दिवसांइतका वेळ रोखून पाहिले आणि १,६०० हून अधिक क्ष-किरण स्रोत नोंदवले. मागचेपुढचे उपरे तारे गाळण्यासाठी गाया या अवकाश दुर्बिणीने मोजलेली अंतरे आणि गती आता हाताशी आहेत, पण धुळीत खोल दडलेल्या ताऱ्यांपर्यंत गायाची नजर पोहोचली नाही.

वर्णपट घेणाऱ्यांची अडचण याहून बिकट. ताऱ्यावर किती वायू कोसळतो आहे हे हायड्रोजनच्या तांबड्या रेषेवरून काढतात, आणि संपूर्ण तेजोमेघ नेमका त्याच रेषेत झगमगत असतो. ताऱ्याशेजारच्या मोकळ्या जागेचा वर्णपट घेऊन तो वजा करावा म्हटले, तर शेजारचा उजेड एका विकलेच्या अंतरातही बदललेला असतो. यावर अलीकडचा चांगला उपाय म्हणजे चिलीतील व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीवरील म्यूज हे उपकरण, जे प्रतिमेच्या प्रत्येक बिंदूचा स्वतंत्र वर्णपट देते आणि त्याच वेळी हवेची थरथरही सुधारून घेते. त्यातून आणखी एक लाभ झाला : तटस्थ कार्बनची ८,७२७ अँगस्ट्रॉम तरंगलांबीवरील रेषा तेजोमेघाच्या तप्त वायूत जवळजवळ नसते आणि तबकडीपाशी मात्र दिसते. वजा करण्याऐवजी पार्श्वभूमीत नसलेलीच खूण शोधायची, हा माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे.

एवढे सारे करून हाती काय लागते, याचे एक उदाहरण देतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आल्माच्या एका पाहणीत जोश आयसनर आणि सहकाऱ्यांनी समूहाच्या मध्यभागातील सुमारे २२५ ताऱ्यांवर ०.८५ मिलीमीटर लहरींत लक्ष केंद्रित केले. त्यांतील साठेक प्रॉपलिड होते. स्पष्टता ०.१ विकलेची, म्हणजे तेथे ४० खगोलीय एककांची होती. प्रॉपलिडांपैकी सुमारे ८० टक्के आणि एकूण ताऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांकडून संकेत मिळाला. तबकड्या मात्र साधारण त्याच वयाच्या विरळ प्रदेशांतील तबकड्यांपेक्षा लहान आणि मंद निघाल्या. विद्यार्थी म्हणून आपण येथे एक शंका घ्यावी : तबकडी लहान असेल तर ती दाटही असू शकते, आणि दाट धूळ अपारदर्शक झाली की मोजलेल्या उजेडावरून काढलेले वस्तुमान खऱ्यापेक्षा कमी भरते. 'मंद' म्हणजे 'हलकी' असे समीकरण डोळे मिटून मांडता येत नाही.

प्रश्न : थीटा-१ सीच्या प्रकाशाने तबकड्या उडून जात असतील, तर त्या अजून शिल्लक कशा? आणि सगळ्या उडून गेल्या तर तेथे ग्रह कधी होणारच नाहीत का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाने खगोलशास्त्रज्ञांना पंचवीसतीस वर्षे छळले आहे. तेजस्वी प्रॉपलिडांतून वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे एककोट्यंश भाग वायू निघून जातो असा अंदाज आहे. आकडा क्षुल्लक वाटतो, पण सूर्य पृथ्वीच्या ३,३३,००० पट जड असल्यामुळे याचा अर्थ दर तीस वर्षांना एका पृथ्वीएवढे द्रव्य गेले. सूर्याच्या शंभराव्या हिश्शाएवढी, म्हणजे साधारण दहा गुरूंच्या वस्तुमानाची भरघोस तबकडीही या वेगाने लाखभर वर्षांत संपली पाहिजे. समूहाचे वय मात्र दहा लाखांहून अधिक वर्षांचे धरले जाते. म्हणजे आपण पाहतो आहोत ते दिसायलाच नको होते.

यातून सुटण्याच्या वाटा अनेक सुचवल्या गेल्या आणि त्या एकमेकींना छेद देत नाहीत. समूहातील सारे तारे एकाच वेळी जन्मलेले नाहीत. काही बरेच नंतरचे आहेत. थीटा-१ सीसारखे जड तारे पेटण्यापूर्वी आणि नंतरही काही काळ जन्ममेघाचा दाट वायू मध्ये असतो आणि त्या आडोशाला असलेल्या तबकड्या वाचतात. तारे समूहात फिरत असतात. आज थीटा-१ सीजवळ असलेला तारा कायम तेथेच होता असे नाही. शिवाय तबकडी जसजशी आकसते, तसतसा तिच्यातून होणारा ऱ्हासही मंदावतो.

शेवटचा मुद्दा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही देतो, म्हणून जरा हिशेब पाहू. सूर्यापासून एक खगोलीय एककावर सूर्याच्या ओढीतून सुटायला सेकंदाला ४२ किलोमीटर वेग लागतो. हा वेग अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. १० एककांवर तो १३ किलोमीटर होतो आणि १०० एककांवर जेमतेम ४. तापलेल्या वायूचा वेग सेकंदाला ३ ते १० किलोमीटर असतो. तेव्हा बाहेरच्या कडेचा वायू सहज निसटतो आणि आतला जागच्या जागी राहतो. बाहेरचा प्रकाश तबकडीला कडेकडेने कातरत आत येतो, आणि एका मर्यादेनंतर कातरणे कठीण होते. हलक्या ताऱ्यांची पकड कमी असल्यामुळे त्यांच्या तबकड्यांचे नुकसान जास्त. धुळीचे मिलीमीटरभर झालेले कण या वाऱ्याबरोबर सहसा उडत नाहीत. उडतो तो वायू आणि त्याच्यासोबत अगदी सूक्ष्म धूळ. त्यामुळे पृथ्वीसारख्या खडकाळ ग्रहांचा कच्चा माल बऱ्याच अंशी टिकावा, आणि टंचाई भासावी ती गुरूसारख्या वायुग्रहांना, ज्यांना वायू संपण्यापूर्वीच आपला वाटा ओढून घ्यावा लागतो.

हे केवळ गणित नाही. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी एकाजवळ सिग्मा ओरायनिस नावाचा समूह आहे, मुख्य समूहापेक्षा वयाने मोठा. मेगन अँसडेल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तेथील ९२ तबकड्यांची आल्माने पाहणी केली, तेव्हा मधल्या जड ताऱ्यापासून अर्ध्या पारसेकच्या आत तीन पृथ्वींहून अधिक धूळ असलेली एकही तबकडी त्यांना आढळली नाही. त्या वर्तुळाबाहेर मात्र तशा तबकड्या होत्या. तसेच जेम्स वेब ही अवकाश दुर्बीण आणि आल्मा यांच्या निरीक्षणांवरून २०२४ मध्ये असा निष्कर्ष निघाला की, मृगातील डी २०३-५०६ या तबकडीतून वायू इतक्या वेगाने जात आहे की, दहा लाख वर्षांच्या आत तेथे गुरूसारखा ग्रह होण्याजोगे द्रव्य उरणार नाही.

प्रश्न : एवढ्या गर्दीत तारे एकमेकांना घासून जात नाहीत का?

उत्तर : फार क्वचित. गाभ्यातही दोन ताऱ्यांमधील सरासरी अंतर हजारो खगोलीय एककांचे असते, आणि जवळून गेलेला सारख्याच वस्तुमानाचा तारा तबकडी कापतो ती साधारण त्या दोघांमधील किमान अंतराच्या एकतृतीयांशापाशी. तबकडीला खरी झळ बसण्यासाठी शेजाऱ्याने काही शे एककांवर यावे लागते. तसे झाल्याचे एक उदाहरण सारथी तारकासमूहातील आर. डब्ल्यू. ऑरिगी या जोडताऱ्याचे आहे, ज्याच्या तबकडीतून ओढला गेलेला वायूचा लांब हात रेडिओ निरीक्षणांत दिसतो. पण तो तारा काही गर्दीत नाही, तो स्वतःच्याच जोडीदाराने ओढलेला आहे. गर्दीत तबकड्यांचे जे नुकसान होते ते मुख्यतः प्रकाशामुळे.

प्रश्न : इतक्या तीव्र अतिनील प्रकाशात पाणी आणि कार्बनी रेणू टिकू शकतात का? जेम्स वेबने याबाबत काही सांगितले आहे का?

उत्तर : सांगितले आहे, आणि दोन उत्तरे परस्परविरुद्ध वाटावीत अशी आहेत. वृश्चिकेच्या दिशेला सुमारे ५,५०० प्रकाशवर्षांवर एनजीसी ६३५७ नावाचा प्रदेश आहे. तेथील जड ताऱ्यांपुढे मृगातील ट्रॅपिझियम सौम्य म्हणावा लागेल. त्यातील एक्सयूई १ या तबकडीच्या आतल्या भागात वेबला पाणी, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सायनाइड आणि ॲसिटिलीन मिळाले, असे २०२३ मध्ये जाहीर झाले. जवळच्या शांत प्रदेशांतील तबकड्यांत जे मिळते तेच हे. वर केलेला हिशेब लक्षात घेतला तर यात फार नवल नाही : आतला भाग ताऱ्याच्या पकडीत खोल आणि स्वतःच्याच वायूच्या आड आहे. परंतु त्याच प्रदेशातील एक्सयूई १० या तबकडीत २०२५ मध्ये कार्बन डायऑक्साइड विपुल आणि पाणी जवळजवळ नाही, असे आढळले. असे का, याचे एकमताने मान्य झालेले स्पष्टीकरण नाही. दोन तबकड्यांवरून नियम बांधण्याची घाई, वर्तमानपत्रांनी काहीही म्हटले तरी, आपण करू नये.

अतिनील प्रकाश रेणू मोडतो तसे घडवतोही. वर आलेल्या डी २०३-५०६ मध्ये २०२३ साली वेबने मिथिल धनायन शोधला. तीन हायड्रोजन आणि एक कार्बन असलेला हा विद्युत्भारित रेणू अवकाशात प्रथमच सापडला. तो इतर रेणूंशी सहज संयोग पावतो, त्यामुळे कार्बनी रसायनशास्त्राची साखळी त्याच्यापासून सुरू होत असावी, असा तर्क १९७० च्या दशकापासून मांडला जात होता. आणि तो तयार होण्यासाठी लागणारी ऊर्जा येथे अतिनील प्रकाशानेच पुरवलेली आहे.

प्रश्न : आपला सूर्यही अशाच गर्दीत जन्मला का? त्याचा काही पुरावा उरला आहे का?

उत्तर : पुरावा उल्कापाषाणांत आहे. ८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोत कोसळलेल्या आयेंदे उल्कापाषाणातील पांढऱ्या कणांत मॅग्नेशियम-२६ या समस्थानिकाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचे १९७६ मध्ये दाखवण्यात आले, आणि ते ॲल्युमिनियम-२६ च्या ऱ्हासातून आलेले होते. ॲल्युमिनियम-२६ चे अर्धायुष्य फक्त सात लाख वर्षांच्या आसपास आहे. म्हणजे ते कण घट्ट होत असताना हे किरणोत्सारी द्रव्य ताजे होते, आणि ते तयार होण्याची मुख्य ठिकाणे म्हणजे जड तारे आणि त्यांचे स्फोट. त्यामुळे सूर्य अशा ताऱ्यांच्या आसपास, किंवा त्यांनी नुकत्याच माखलेल्या मेघात जन्मला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

दुसरी खूण अधिक संदिग्ध आहे. नेपच्यून ३० खगोलीय एककांवर आहे आणि त्याच्यापलीकडचा कायपर पट्टा, म्हणजे लहान बर्फाळ वस्तूंचा पट्टा, हळूहळू विरळ होत जाण्याऐवजी ५० एककांच्या सुमारास बराचसा संपतो. सूर्याची तबकडी कोण्या जड शेजाऱ्याच्या प्रकाशाने तेथे कातरली गेली असेल, कोणी तारा जवळून गेला असेल, किंवा धुळीचे कण आतल्या बाजूला वाहत गेल्यामुळे बाहेर पुरेसे द्रव्यच उरले नसेल. तिन्ही शक्यतांची गणिते मांडली गेली आहेत. यांतील कोणती खरी हे केवळ सूर्यमालेकडे पाहून ठरणे अवघड आहे. मृगातील तबकड्यांच्या कडा आज नेमक्या कोठे संपतात, याची आल्मा, म्यूज आणि वेब यांनी चालवलेली मोजणी त्यासाठीही उपयोगी पडते, आणि आयसनर यांच्या पाहणीतील अनेक तबकड्यांची कड ५० एककांच्या आतच आहे.